काबूलचे खराबात आणि बडोद्याची गायनशाळा : संगीताच्या जतनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

बडोदा, म्हणजे आजचे वडोदरा, या शहरात हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाच्या तीन खुणा आहेत. सूरसागर तलावाजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत, नृत्य व नाट्य शिकविणारी विद्याशाखा उभी आहे. तिचे मूळ १८८६ साली सुरू झालेल्या गायनशाळेत आहे. याकुतपुरा भागात त्या शाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे घर आहे. याच घराण्यात इनायत खाँ जन्मले आणि येथूनच ते पुढे युरोप-अमेरिकेत गेले. तिसरी खूण आग्रा घराण्याचे थोर गायक उस्ताद फैयाज खाँ यांच्या कबरीची. २००२ च्या दंगलीत या कबरीची विटंबना झाली.

संस्था टिकली, घराणे परदेशी गेले आणि कलावंताची कबरही सुरक्षित राहिली नाही. परंतु त्याच फैयाज खाँ यांचे गाणे आज ऐकता येते, शिकता येते आणि गायले जाते. मौलाबक्ष यांची शाळा चालू असली तरी त्यांचे स्वतःचे गाणे मात्र कोणाच्या गळ्यात उरलेले नाही. ही विसंगती लक्षात घेतली म्हणजे संगीताचे जतन नेमके कशामुळे होते, हा प्रश्न उभा राहतो.

हाच प्रश्न अलीकडच्या काळात जगापुढे सर्वांत तीव्रपणे आला तो अफगाणिस्तानच्या निमित्ताने. या दोन्ही ठिकाणांविषयी दोन महत्त्वाचे इंग्रजी ग्रंथ उपलब्ध आहेत. जानकी बखले यांचा ‘टू मेन अँड म्युझिक’ २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ बडोदे संस्थानापासून होतो. जॉन बेली यांचा ‘वॉर, एक्झाइल अँड द म्युझिक ऑफ अफगाणिस्तान’ २०१५ साली आला. पहिला ग्रंथ दफ्तरखान्यातील कागदांवर उभा आहे, तर दुसरा चार दशकांच्या प्रत्यक्ष सहवासावर. हे दोन्ही ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता प्रत्येकाचे बळ आणि प्रत्येकाची मर्यादा स्पष्ट होते. त्या वाचनातून बडोद्याच्या अनुभवाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काबूलचा दाखला

काबूलचे शास्त्रोक्त संगीत आणि हिंदुस्थानी संगीत यांचे नाते रक्ताचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून गवई व वादक काबूलला बोलावले. बाला हिसार किल्ल्याजवळच्या ज्या वस्तीत ते स्थायिक झाले, ती वस्ती ‘खराबात’ या नावाने प्रसिद्धीस आली. त्यांच्याच परंपरेत उस्ताद कासीम झाले. अफगाण संगीताचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. पुढे उस्ताद मोहम्मद हुसेन सरआहंग (१९२४–१९८३) यांनी पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँ यांच्याकडे अनेक वर्षे तालीम घेतली आणि मिर्झा बेदिल यांच्या फारसी काव्याचे श्रेष्ठ गायक म्हणून नाव कमावले. रागांची नावे, तालांचे ठेके, उस्ताद-शागीर्द हे नाते, शागिर्दाच्या मनगटाला दोरा बांधण्याचा विधी, हे सारे दोन्हीकडे समान आहे. उलट दिशेनेही देणे झाले. आपले सरोद अफगाण रबाबापासून विकसित झाले असे सामान्यतः मानले जाते.

या वस्तीवर आपत्ती आली ती टप्प्याटप्प्याने. १९७८ ची सत्तापालट आणि १९७९ चे सोव्हिएत आक्रमण यांनंतर लाखो लोक पाकिस्तानात व इराणमध्ये गेले. त्यांच्याबरोबर कलावंतही गेले. १९९२ नंतर मुजाहिदीन गटांच्या आपसांतील लढाईत काबूलचा जुना भाग उद्ध्वस्त झाला आणि खराबातही त्यातून सुटले नाही. १९९६ ते २००१ या काळात तालिबान राजवटीने वाद्यसंगीतावर बंदी घातली. वाद्ये फोडली गेली, ध्वनिफितींची भेंडोळी तपासणी नाक्यांवर खांबांना लटकविली गेली. वाद्याविना गायिले जाणारे धार्मिक तराणे तेवढे चालत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि निर्बंध परतले. जुलै २०२३ मध्ये हेरात येथे जप्त केलेली वाद्ये जाळण्यात आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. संगीताच्या वैधतेविषयी मुस्लिम विद्वानांमधील मतभेद जुने आहेत. इमाम गझाली यांनी आपल्या ‘इह्या’ ग्रंथात समाअच्या प्रश्नाला स्वतंत्र स्थान दिले आणि चिश्ती सूफींनी समाअ जोपासला. दुसरीकडे, त्यास विरोध करणाऱ्या विद्वानांची परंपराही तितकीच जुनी आहे. या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु चर्चेतून चालत आलेला मतभेद आणि शस्त्राच्या बळावर केलेला नाश या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीच्या नावाखाली दुसरीचे समर्थन होऊ शकत नाही.

बेली यांच्या ग्रंथाचे बळ असे की, ते स्वतः काबूलचे उस्ताद मोहम्मद ओमर यांच्याकडे रबाब शिकले. त्यामुळे त्यांचे निरीक्षण बाहेरच्या पाहुण्याचे राहत नाही. १९८५ मध्ये पेशावरमध्ये त्यांनी एका निर्वासित वादकाच्या जीवनावर माहितीपट तयार केला. त्यानंतर पेशावर, हेरात, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट, लंडन आणि हॅम्बुर्ग येथे त्यांनी या कलावंतांचा मागोवा घेतला. त्यांच्या लेखनातून दिसणारी वस्तुस्थिती अशी : पेशावरमध्ये पारंपरिक संगीत टिकले, कारण तेथे निर्वासितांची लग्ने होत होती, गाणे मागणारे लोक होते आणि शागीर्द शेजारच्या खोलीत राहत होते. फ्रीमाँटमध्ये पैसा अधिक होता, ध्वनिमुद्रणाची साधनेही अधिक होती. परंतु तरुण पिढीला लग्नात नाचण्यासाठी कीबोर्ड आणि यांत्रिक ठेका हवा होता आणि संगीत त्या दिशेने वळले. म्हणजे सुरक्षित जागा मिळाली एवढ्याने परंपरा टिकत नाही. ती मागणारा श्रोता आणि ती घेणारा शागीर्द जेथे असतात तेथे ती टिकते.

तरीही नुसत्या परंपरेवर विसंबून चालत नाही, हेही काबूलनेच दाखविले. रेडिओ अफगाणिस्तानच्या कर्मचाऱ्यांनी पहिल्या तालिबान काळात जुन्या ध्वनिफितींचा संग्रह लपवून वाचविला. ज्या उस्तादांचे निधन झाले होते, ज्यांची घरे विखुरली होती, त्यांचे गाणे पुढच्या पिढीला ऐकायला मिळाले ते या संग्रहामुळे. २००१ नंतर आगा खान संस्थेच्या संगीत उपक्रमाने काबूल व हेरात येथे उस्ताद-शागीर्द पद्धतीने वर्ग सुरू केले. २०१० मध्ये अहमद सरमस्त यांनी अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था सुरू केली. तेथे मुले व मुली एकत्र शिकत आणि रबाबाबरोबर पाश्चात्त्य वाद्येही शिकविली जात. २०२१ नंतर या संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक व कुटुंबीय असे सुमारे पावणेतीनशे लोक पोर्तुगालला हलविण्यात आले. एक संपूर्ण शाळाच निर्वासित झाल्याचे हे उदाहरण विरळा होय.

बडोद्याची गायनशाळा

बडोद्याचा इतिहास युद्धाचा नाही. येथे संगीताचा आधार बदलला तो दरबाराकडून सरकारी खात्याकडे आणि घराण्याकडून वर्गाकडे. परंतु एका पिढीच्या कंठातील विद्या दुसऱ्या पिढीपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न येथेही तोच होता.

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ साली आजच्या हरियाणातील भिवानी येथे झाला. त्यांनी देशभर भ्रमंती केली, म्हैसूर दरबारी मानसन्मान मिळविला आणि कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला. त्या काळातील उत्तरेकडील उस्तादांमध्ये ही गोष्ट अपवादात्मक होती. कर्नाटक संगीतातील शिस्तबद्ध पाठांतर आणि शिक्षणक्रम यांचा ठसा त्यांच्या पुढील कार्यावर उमटला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलेखन पद्धती बसविली आणि त्या पद्धतीने क्रमिक पुस्तके तयार केली. ‘संगीतानुभव’, ‘बालसंगीतमाला’ ही त्यांपैकी काही. ‘बालसंगीतमाला’ या नावावरूनच त्यांच्या डोळ्यांसमोर उस्तादाचा मुलगा नव्हता, शाळेतला कोणताही मुलगा होता, हे स्पष्ट होते. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत विष्णु दिगंबर पलुस्करांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय (१९०१) निघायचे होते. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही (१९१६) अद्याप वीस वर्षे दूर होती. ही परिषद बडोद्यातच भरली, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संगीत शिक्षणाचा आधुनिक इतिहास सांगताना भातखंडे व पलुस्कर यांच्यापासून आरंभ करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बखले यांनी ही पद्धत मोडली आणि आरंभी मौलाबक्ष यांना ठेवले. एका मुस्लिम उस्तादाने, एका मराठी संस्थानात, सर्व मुलांसाठी संगीताची शाळा आणि पाठ्यपुस्तके यांचा पाया घातला, ही गोष्ट या ग्रंथाने अभ्यासकांच्या नजरेस आणली. उस्ताद मंडळी विद्या लपवून ठेवत आणि सुधारकांनी ती मोकळी केली, हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. बडोद्याच्या कलावंत खात्याच्या नियमांची छाननीही त्यांनी केली आहे. हजेरी, रजा, दंड यांच्या चौकटीत दरबारी गवई कसे वावरत होते, याचे चित्र त्यातून उभे राहते. राजाश्रय म्हणजे निव्वळ औदार्य, ही भाबडी समजूत त्याने दूर होते.

मात्र दफ्तराच्या आधारे लिहिलेल्या इतिहासाची मर्यादाही याच ठिकाणी जाणवते. दफ्तरात रजेचा अर्ज राहतो, आलाप राहत नाही. मौलाबक्ष यांच्या योजनेला पुढे भातखंडे यांच्या पद्धतीसमोर माघार घ्यावी लागली, हे खरे आहे. परंतु या माघारीचे कारण राजकीय प्रवाहात शोधताना एक साधे कारण दुर्लक्षित होऊ नये. मौलाबक्ष यांनी पुस्तके तयार केली, शाळा उभी केली, परंतु त्यांची स्वतःची गायकी पूर्णपणे उचलून पुढे नेणारी शिष्यशाखा भारतात उभी राहिली नाही. स्वरलेखनाने चीज उतरविता येते. ती गाताना गळा कोठे थांबतो, कोठे वळतो, हे शिष्याने समोर बसून घ्यावे लागते. त्यांची शाळा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात सामावली आणि आजही चालू आहे. संस्थेचे जतन झाले. गाण्याचे झाले असे म्हणता येत नाही.

परदेशी गेलेले घराणे

मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ १८८२ साली बडोद्यात जन्मले. आजोबांच्या गायनशाळेत ते शिकले व तेथेच त्यांनी शिकविले. १९०९ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी सुमारे तीस ध्वनिमुद्रणे केली. १९१० मध्ये ते भाऊ मेहबूब खाँ व चुलतभाऊ मोहम्मद अली खाँ यांच्यासह अमेरिकेस रवाना झाले. धाकटे बंधू मुशर्रफ खाँ नंतर त्यांना जाऊन मिळाले. ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान’ या नावाने त्यांनी अमेरिका व युरोपात कार्यक्रम केले. इनायत खाँ यांचा संगीतावरील उर्दू ग्रंथ ‘मिनकार-ए-मूसीकार’ १९१२ साली अलाहाबादेत छापला गेला.

हे स्थलांतर काबूलच्या कलावंतांसारखे बळजबरीचे नव्हते. त्यामुळे दोन्हींना एकच माप लावणे योग्य ठरणार नाही. परंतु परक्या भूमीत संगीताचे काय होते, यापुरती तुलना उद्बोधक आहे. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस येथे श्रोते आले ते कुतूहलाने. समेवर दाद देणारा श्रोता तेथे नव्हता. मुलाला तालमीला बसविणारा बाप नव्हता, रोजच्या रियाजाला साथ देणारा तबलजी नव्हता. इनायत खाँ यांना शिष्य मिळाले, पण ते सूफी विचारांचे. कालांतराने त्यांनी जाहीर गायन-वादन जवळजवळ सोडले आणि संगीताविषयी व्याख्याने दिली. १९२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. निजामुद्दीन वस्तीत त्यांची दर्गाह आहे. मेहबूब खाँ यांनी पियानोच्या साथीची गीते रचली. इनायत खाँ यांच्या मुलांनी पॅरिसमध्ये पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले. त्यांपैकी हिदायत खाँ पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना करणारे संगीतकार झाले. कन्या नूर इनायत खान या वीणा वाजवीत आणि हार्पही शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्त सेवेत फ्रान्समध्ये काम करताना त्या पकडल्या गेल्या आणि सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार करण्यात आले.

या घराण्याचे सूफी कार्य जगभर पसरले, त्याचे मोल मोठे आहे. परंतु बडोद्यात सुरू झालेली गायकी तिसऱ्या पिढीत थांबली. त्या गायकीचा आज ऐकता येणारा पुरावा म्हणजे १९०९ ची ध्वनिमुद्रणे होत. ती १९९४ मध्ये पुन्हा प्रकाशित झाली. ज्यांनी स्वरलेखनाची पुस्तके लिहिली त्या घराण्याची गायकी अखेर कळते ती तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून! तबकडीने नमुना जपला. साखळी मात्र तुटलेलीच राहिली.

दोन साखळ्या : अब्दुल करीम खाँ आणि फैयाज खाँ

याच शहरातून निघालेल्या दुसऱ्या एका कलावंताचा अनुभव नेमका उलट आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदे दरबारी गायक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्यासह ते बडोदा सोडून गेले. दरबाराचा आश्रय तुटला, घर नव्याने मांडावे लागले. परंतु ते जेथे गेले तेथे श्रोता होता. महाराष्ट्रातील नाट्यसंगीतावर पोसलेला, पुण्या-मुंबईचा, सांगली-मिरजेचा श्रोता. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, मिरज हे आपले घर केले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. तेथील उरुसात आजही गायक हजेरी लावतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. ही साखळी महाराष्ट्र-कर्नाटकातील कोणत्याही श्रोत्याला परिचित आहे.

या कुटुंबाच्या नावांतही इतिहास साठला आहे. ताराबाई विभक्त झाल्यावर मुलांनी नवी नावे घेतली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या. आडनावाने शहर जपले, पण त्या नावांतून वडिलांची ओळख दिसेनाशी झाली. तरीही तालीम थांबली नाही. हिराबाईंना किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांनी शिकविले. कुटुंब दुभंगले तरी घराणे अखंड राहिले, कारण घराणे रक्तावर नव्हे तर तालमीवर उभे असते. बखले यांच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई यांच्यावर आहे आणि ते या ग्रंथातील सर्वांत जिवंत प्रकरण ठरते. पहिल्या प्रकरणात कागद बोलतात, शेवटच्या प्रकरणात गुरू आणि शिष्य समोर येतात. हा फरक लेखिकेच्या प्रतिपादनापेक्षाही अधिक काही सांगून जातो.

मिरजेचा उल्लेख आला म्हणजे वाद्यकारांनाही विसरता येत नाही. मिरजेतील शिकलगार मंडळी मूळची शस्त्रे घडविणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली आणि मिरजेची सतार व तंबोरा देशभर जाऊ लागला. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी रबाब घडविण्याच्या व वाजविण्याच्या कलेची युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. अफगाणिस्तानसह चार देशांच्या नावे ही नोंद आहे. रबाबाच्या सन्मानाच्या या काळात काबूलमध्ये मात्र तो उघडपणे वाजविण्याची सोय उरलेली नव्हती. सन्मानपत्र आणि जतन यांतील अंतर दाखविणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

फैयाज खाँ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बडोदे दरबारात आले आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी तेथेच वारले. ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी त्यांना म्हैसूर दरबाराने दिली होती. त्यांनी पाठ्यपुस्तके लिहिली नाहीत. त्यांनी शिष्य केले. त्यांचे नातलग अता हुसेन खाँ बडोद्यात शिकवीत राहिले. शराफत हुसेन खाँ त्यांच्या सहवासात वाढले. स्वामी वल्लभदास, दिलीपचंद्र वेदी यांनी त्यांची तालीम घेतली. यांत मुसलमान होते, हिंदू होते, घरचे होते आणि बाहेरचेही होते.

या सर्वांत विचारार्ह उदाहरण श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे. ते भातखंडे यांचे शिष्य. स्वरलेखन आणि शास्त्र यांत पारंगत. १९१७ च्या सुमारास त्यांना बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर फैयाज खाँ यांच्याकडे शिकण्यासाठी ठेवण्यात आले. ज्या भातखंडे यांनी उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी वारंवार कठोर मते व्यक्त केली, त्यांनी आपला सर्वोत्तम शिष्य गाणे शिकण्यासाठी उस्तादाकडेच पाठविला! पुस्तक तालमीची जागा घेऊ शकत नाही, याची याहून मोठी कबुली कोणती असू शकेल? पुढे रातंजनकरांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजची धुरा वाहिली आणि अनेक गायक व शिक्षक घडविले. त्यांच्या ठायी पुस्तक आणि तालीम यांचा मेळ झाला. बडोद्याच्या अनुभवातून जतनाचा एखादा नमुना निवडायचा तर तो हा होय.

मूल्यमापन

बेली आणि बखले यांचे ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत. बेली यांच्याकडे शिष्याचा कान आहे. अफगाण संगीताच्या मुळाशी हिंदुस्थानी उस्ताद होते हे ते सांगतात, परंतु त्याच काळात हिंदुस्थानात त्या उस्तादांच्या भावबंदांचे काय होत होते, हे त्यांच्या कक्षेबाहेर राहते. बखले यांच्याकडे इतिहासकाराची नजर आहे. उस्तादांना राष्ट्रवादी संगीतशास्त्राने कसे कडेला सारले, हे त्या पुराव्यानिशी दाखवितात. परंतु कडेला सारलेले उस्ताद शिष्यांच्या गळ्यातून मध्यभागी परत कसे आले, याचा पूर्ण हिशेब दफ्तर देऊ शकत नाही.

दोन्ही ग्रंथांचा एकत्रित निष्कर्ष असा मांडता येईल. स्वरलेखन, तबकडी, ध्वनिफीत, संग्रहालय ही जतनाची साधने आहेत. साखळी तुटते त्या वेळी त्यांचे मोल कळते. काबूलच्या रेडिओचा संग्रह आणि इनायत खाँ यांच्या तबकड्या नसत्या तर मोठा ठेवा कायमचा गेला असता. परंतु साधन म्हणजे साखळी नव्हे. संगीत जिवंत राहते ते उस्ताद, शागीर्द आणि श्रोता हे तिघे एका ठिकाणी भेटतात तेव्हा, आणि या भेटीतून उस्तादाच्या चुलीला आधार मिळतो तेव्हा. पेशावरमध्ये व मिरजेत हे घडले. पॅरिसमध्ये घडले नाही.

या निष्कर्षावर एक आक्षेप संभवतो. तालमीवर एवढा भर दिल्यास घराण्यांची जुनी बंदिस्त वृत्ती पुन्हा येईल आणि सामान्य मुलाला संगीताची दारे बंद होतील, असे म्हटले जाईल. आक्षेप रास्त आहे. मौलाबक्ष यांनी शाळा काढली ती हीच दारे उघडण्यासाठी. परंतु रातंजनकरांचे उदाहरण आणि काबूलमधील २००१ नंतरचे उस्ताद-शागीर्द वर्ग यांतून दिसते की, शाळेच्या उघड्या दारातून येऊनही उस्तादासमोर बसता येते. दार उघडे ठेवणे आणि आत उस्ताद असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साध्य कराव्या लागतात.

समारोप

२००२ मध्ये फैयाज खाँ यांच्या कबरीवर हल्ला करणाऱ्यांनी एका मुसलमानाच्या कबरीवर हल्ला केला, असेच त्यांना वाटले असावे. ज्या गायकाने होरी आणि ब्रजभाषेतील बंदिशी जन्मभर गायिल्या, ज्याचे शिष्य सर्व धर्मांत होते, तो येथे विसावला आहे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. काबूलमध्ये वाद्ये फोडणाऱ्यांनाही ती वाद्ये आपल्याच पूर्वजांची आहेत हे शिकविले गेले नव्हते. दोन ठिकाणी, दोन भिन्न नावांनी, विस्मरणाने एकच काम केले. म्हणून जतनाचा प्रश्न संगीतप्रेमींपुरता राहत नाही. तो शिक्षणाचा प्रश्न होतो.

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी यातून काही कामे सरळ निघतात. इतिहासाच्या वर्गात बडोद्याच्या गायनशाळेचा उल्लेख येताना मौलाबक्ष यांचे नाव यावे. मराठीच्या वर्गात हिराबाई बडोदेकरांचा परिचय देताना त्यांच्या वडिलांचे आणि उस्तादांचे नाव यावे. प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना आपल्या गावातील कव्वाल, शहनाईवादक, बँडवाले, वाद्यकार, लग्नात ढोलकीवर गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांच्याकडे पाठवावे. त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करावे, गाणाऱ्याचे नाव, त्याच्या उस्तादाचे नाव, ठिकाण व तारीख नोंदवावी आणि एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दुसरी त्या कुटुंबाकडे ठेवावी. आज यासाठी लागणारे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

मात्र ध्वनिमुद्रण झाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्या विद्यार्थ्यांपैकी एखादा जरी पुढच्या आठवड्यात, यंत्र घरी ठेवून, त्या वृद्ध कलावंतासमोर पुन्हा जाऊन बसला आणि त्याने एक चीज बरोबर उचलली, तर जतनाला खरा आरंभ झाला असे म्हणता येईल.